कोजागिरीनंतरचं माहूर

उमरी तालुक्यात माहूरला न गेलेलं घर सापडणं अवघड आहे, आणि माहूर नीट पाहिलेलं घर सापडणंही तितकंच अवघड. नवरात्रात गाडी ठरते, पहाटे निघायचं, गडाखाली उतरून रांगेत लागायचं, रेणुकादेवीचं मुख दिसतं न दिसतं तोच मागचा पुढे ढकलतो, तांबूल पदरात बांधायचा आणि रात्री उशिरा भोकरवरून घर गाठायचं. कुळाचार झाला, नवस फिटला, ते योग्यच. पण ज्या गावात साडेतीन पीठांपैकी एक पूर्ण पीठ आहे, दत्ताचं आणि अनसूयेचं शिखर आहे, महानुभावांचं तीर्थ आहे, डोंगरात कोरलेलं लेणं आहे, बहमनी आणि मोगल इतिहासात सतत नाव येणारा किल्ला आहे, त्या गावाला आपण वर्षानुवर्षं चार तासांत उरकत आलो आहोत. माझं म्हणणं एवढंच की नवरात्रातली वारी चालू राहू द्या, पण आयुष्यात एकदा तरी माहूरला दोन रात्री द्या, आणि त्या रात्री कोजागिरी उलटल्यावरच्या असू द्या.

जुन्या देवळांच्या गावी ऋतू बघून जाण्याची शिस्त जपानी लोकांनी फार जपली आहे. क्योटो हे त्यांचं देवळांचं शहर. इसवी सन ७९४ मध्ये ते राजधानी म्हणून वसवलं गेलं आणि १८६८ पर्यंत सम्राटाचं आसन तिथंच राहिलं. क्योटो आणि शेजारच्या उजी, ओत्सू या गावांतली १७ ठिकाणं १९९४ साली जागतिक वारसा यादीत गेली. तिथली शरद ऋतूतली सहल साधारण दोन रात्रींची असते, पण तयारी महिनाभर आधी सुरू होते. मेपलची पानं कधी लाल होणार याचे अंदाज दर आठवड्याला जाहीर होतात. ही लाली उत्तरेकडच्या होक्काइदोच्या डोंगरांत सप्टेंबरच्या मध्याला सुरू होते आणि दक्षिणेकडे सरकत क्योटोला नोव्हेंबरच्या अखेरीस पोचते. त्यामागचं कारण साधं आहे. दिवस लहान होतो, रात्रीचं तापमान आठ अंशांच्या आसपास उतरतं, पानातलं हरितद्रव्य मोडायला लागतं, आधीपासून दडलेला पिवळा रंग वर येतो आणि पानात अडकलेल्या साखरेपासून नवा लाल रंग तयार होतो. दिवसा ऊन आणि रात्री गारठा असेल तर लाली जास्त खुलते. म्हणून तिथला जाणता प्रवासी आधी ऋतू ठरवतो, मग शहराचा एक भाग ठरवतो आणि देऊळ सगळ्यात शेवटी. एका दिवशी शहराचं एकच अंग पाहायचं, सकाळी लवकर मोठं देऊळ आणि दुपारी लहान, असा क्रम लावतो. माहूरसाठी ही पद्धत जशीच्या तशी उचलावी असं मला वाटतं.

फक्त एक लक्षात ठेवावं लागेल. आपल्या शरदात पानं लाल होत नाहीत. किनवट-माहूरचं जंगल मुख्यतः सागाचं, आणि साग पानं टाकतो ते पाण्याच्या तुटवड्यामुळे, माघ-फाल्गुनात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हे डोंगर हिरवे असतात. रंग हवा असेल त्याने पळस फुलतो तेव्हा, होळीच्या सुमाराला जावं. शरदाचं देणं वेगळं आहे. चार महिन्यांच्या पावसाने हवेतली धूळ बसलेली असते, त्यामुळे दत्तशिखरावरून खूप लांबपर्यंत डोंगरांच्या रांगा दिसतात. तळी भरलेली असतात, पैनगंगेला पाणी असतं पण पूर ओसरलेला असतो, आणि पायऱ्यांवरचं शेवाळ वाळायला लागलेलं असतं. नांदेड जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पाऊस याच किनवट-माहूरच्या पट्ट्यात पडतो, म्हणून आपल्याकडे उमरी-नायगावची माळरानं पिवळी पडायला लागली तरी तिकडचा हिरवेपणा टिकून असतो.

आता तारीख. मोसमी पाऊस मराठवाड्यातून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघारी जातो. ढग गेले की दिवसाचं ऊन थेट पडतं, जमीन मात्र अजून ओली, त्यामुळे हवा दमट होते आणि दहा-पंधरा दिवस तो ऑक्टोबरचा उकाडा छळतो. मग जमीन सुकते, निरभ्र आकाशामुळे रात्री जमिनीतली उष्णता सरळ वर निघून जाते आणि पहाटेला गारवा येतो. डोंगरावर तो आपल्यापेक्षा आधी जाणवतो. पण कोजागिरी दर वर्षी एकाच तारखेला येत नाही. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ दिवसांचं, दर वर्षी अकरा दिवसांची तफावत पडते आणि साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना घालून ती भरून काढतात. २०२५ साली कोजागिरी ६ ऑक्टोबरला होती. २०२६ साली अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ती २५ ऑक्टोबरला येते. म्हणजे पंचांगातला शरद आणि हवेतला शरद यांच्यात कधी कधी तीन आठवड्यांचं अंतर पडतं. कोजागिरी लवकर असेल तर आठवडाभर थांबावं. उशिरा असेल तर दुसऱ्याच दिवशी निघायला हरकत नाही.

कोजागिरी ते धनत्रयोदशी हे दोन आठवडे सगळ्यात चांगले. नवरात्राची गर्दी ओसरलेली असते आणि दिवाळीच्या सुट्टीची अजून सुरू झालेली नसते. वारही बघावेत. मंगळवार-शुक्रवार देवीचे, गुरुवार दत्ताचा, पौर्णिमा दोघांची. या दिवशी गडावर माणूस मावत नाही. रविवारी दुपारपर्यंत पोचायचं, सोमवारी दोन्ही शिखरं करायची आणि मंगळवारी लोक देवीकडे चढत असताना आपण किल्ला पाहायचा, असा बेत मला सगळ्यात सोयीचा वाटतो. शासकीय वस्तुसंग्रहालयं सहसा सोमवारी बंद असतात, तेही यात सांभाळलं जातं. शेतकरी घराला मात्र हा काळ अवघड आहे, हे मला माहीत आहे. सोयाबीनची काढणी, मळणी आणि लगोलग हरभऱ्याची पेरणी सगळं याच दिवसांत येतं. त्यांनी दिवाळीची सुट्टी संपल्यावर त्रिपुरी पौर्णिमेच्या आधीचे चार दिवस धरावेत. थंडी थोडी जास्त, बाकी सगळं तेच.

उमरीहून माहूर रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या थोडं पुढे. भोकर, हिमायतनगर, किनवट, सारखणी, माहूर असा हा मार्ग, बराचसा राष्ट्रीय महामार्गावरून. चार-साडेचार तास धरावेत. रेल्वेने जायचं तर आपली मुख्य लाईन मुदखेडला जाते आणि तिथून आदिलाबादचा फाटा फुटतो. त्या फाट्यावर भोकर, हिमायतनगर, सहस्रकुंड आणि किनवट ही स्टेशनं येतात. तिरुपतीहून आदिलाबादला जाणारी कृष्णा एक्सप्रेस बासर-धर्माबादवरून येऊन याच फाट्याला वळते. किनवटला उतरून पुढचे सुमारे पन्नास किलोमीटर एसटीने किंवा जीपने. मुलं-म्हातारी बरोबर असतील तर किनवटपर्यंत रेल्वे बरी. आजी-आजोबांच्या गुडघ्यांचा विचार माहूरच्या पायऱ्यांआधी रस्त्यातच करावा लागतो.

किनवट सोडलं की रस्ता सागाच्या जंगलात शिरतो आणि मुलूख बदलतो. गोंड, कोलाम, आंध, बंजारा अशी वस्ती सुरू होते. कोजागिरीनंतरचेच दिवस निवडण्याचं आणखी एक कारण इथं आहे. गोंडांचा दंडारीचा सण याच दिवसांत, पौर्णिमेनंतर सुरू होऊन दिवाळीपर्यंत चालतो. एका गावचं दंडारीचं पथक वाजतगाजत दुसऱ्या गावी पाहुणं म्हणून जातं, तिथं मुक्काम करतं, जेवतं, नाचतं. त्यातले गुस्साडी अंगाला राख फासतात, डोक्यावर मोरपिसांचा भलामोठा टोप घालतात, हातात सोटा घेतात. शेजारच्या तेलंगणातल्या कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यातल्या मारलवाई गावच्या कनक राजू यांना गुस्साडी नृत्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा हे नाव सगळीकडे पोचलं. सीमेच्या अलीकडे, आपल्या किनवट-माहूरच्या पाड्यांवर तो सण आहेच. रस्त्यात पथक भेटलं तर गाडी बाजूला घ्यावी, विचारून थांबावं आणि मोबाईल खिशात ठेवावा. गुस्साडी त्या दिवसांत व्रतस्थ असतात. त्यांच्यासाठी ही पूजा आहे.

सीताफळं याच दिवसांत येतात. माहूरच्या डोंगरांतली सीताफळं बाया टोपल्यांत घालून रस्त्याच्या कडेला बसतात. बागेतल्या फळाएवढं ते मोठं नसतं, बियाही जास्त, पण गोडी अस्सल रानातली. घासाघीस न करता घ्यावीत. डोंगर चढून ती तोडणाऱ्या हातांत तो पैसा जातो.

पहिल्या दिवशी दुपारी पोचल्यावर लगेच गडाकडे धावू नये. संस्थानची भक्तनिवासं, धर्मशाळा, लॉज आहेत. या दिवसांत जागा मिळते. सामान टाकून उन्हं उतरायच्या सुमारास गावालगतच्या पांडवलेण्याकडे जावं. नाव पांडवांचं असलं तरी हे काम राष्ट्रकूट काळाच्या आसपासचं मानलं जातं. वेरूळचं कैलास लेणं खोदवणारा पहिला कृष्ण हा राष्ट्रकूट राजा आठव्या शतकातला. म्हणजे जपानात क्योटोची आखणी होत होती, साधारण त्याच जमान्यात आपल्या मुलखात डोंगर आतून कोरून देवळं काढण्याची विद्या शिखरावर होती. माहूरचं लेणं वेरूळइतकं नटलेलं नाही. जाडजूड खांब, द्वारपाल, आत गाभाऱ्यात शिवलिंग, आणि काही ठिकाणी छिन्नी थांबली तशीच थांबलेली. मला ते अपुरेपणच मोलाचं वाटतं, कारण काम कसं चाललं होतं ते तिथं दिसतं. लेणं वरून खाली आणि पुढून मागे कोरत जातात, त्यामुळे आधी छत तयार होतं आणि जमीन शेवटी. अर्धवट राहिलेल्या दालनात तळाचा दगड ओबडधोबड का असतो, याचं उत्तर मुलांना तिथंच दाखवता येतं. बॅटरी बरोबर असावी.

दुसरा दिवस डोंगरांचा. सूर्य उगवायच्या आत निघावं. गावापासून रेणुकेचा डोंगर तीनेक किलोमीटर, पायथ्यापासून वर साधारण अडीचशे पायऱ्या. गर्दी नसेल तेव्हा या चढाला लय येते, मध्ये थांबून मागे वळून बघता येतं, आणि वर पोचल्यावर गाभाऱ्यासमोर घटकाभर उभं राहता येतं. आत हातपाय असलेली मूर्ती नाही. आहे तो तांदळा, पाचेक फूट उंचीचं, शेंदराने माखलेलं, भव्य डोळ्यांचं नुसतं मुख.

मुखच का, याची कथा आपल्याकडे घराघरांत सांगितली जाते, पण ती त्या जागी उभं राहून ऐकावी अशी आहे. सहस्रार्जुनाच्या वैरात जमदग्नी मारले गेले. परशुरामाने कावड केली, एका पारड्यात वडलांचं शरीर आणि दुसऱ्या पारड्यात आई, आणि अंत्यसंस्काराला कोरी भूमी शोधत तो निघाला. माहूरला दत्तात्रेयांनी ती भूमी दाखवली, विधी सांगितला, परशुरामाने बाण मारून पाणी काढलं. ते आजचं मातृतीर्थ. रेणुका सती गेली. मुलगा आईसाठी आक्रोश करू लागला तेव्हा आकाशवाणी झाली की आई डोंगरातून वर येईल, पण मागे वळून पाहू नकोस. त्याला धीर धरवला नाही. त्याने वळून पाहिलं तेव्हा फक्त मुख वर आलं होतं आणि ते तिथंच थांबलं.

आईचं मस्तक बापाच्या आज्ञेवरून उडवणारा मुलगा पुराणांत आहे. त्याच मुलाला आईवाचून राहवत नाही, ही दुसरी बाजू माहूरने सांभाळली. मातृतीर्थावर लोक आजही आईचं श्राद्ध करायला येतात. गावाचं जुनं नाव मातापूर. ज्यांची आई नुकतीच गेली आहे अशा माणसांना मी इथं पाण्याच्या कडेला शांत बसलेलं पाहिलं आहे, आणि नवरात्राच्या धावपळीत हे ठिकाण आपण गाडीतून ओलांडून जातो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

देवळाची बांधणी देवगिरीच्या यादवांच्या काळातली सांगतात. नंतर अनेकदा भर पडली. तांबूल हा इथला प्रसाद. विड्याची पानं, सुपारी, कात, चुना, बडीशेप असं एकत्र कुटून केलेला तो लालसर गोळा घरी आणेपर्यंत ओलसर राहतो. देवीच्या आरत्या आणि पदं रचणारे विष्णुदास महाराज याच गावात राहिले; त्यांचा मठ माहूरला आहे आणि त्यांची पदं आपल्या भागातल्या बायकांना पाठ असतात, कवीचं नाव मात्र अनेकींना ठाऊक नसतं. वाटेत मठात डोकवावं.

रेणुकेकडून दत्तशिखर आणि त्याच्याही पलीकडे अनसूया शिखर. गाडी बरीच वरपर्यंत जाते, पण ज्याला चालवतं त्याने निदान शिखरांमधलं अंतर तरी चालावं. दत्तात्रेय काशीला स्नान करतात, कोल्हापूरला भिक्षा मागतात आणि निद्रेला माहूरला येतात, अशी श्रद्धा आहे. शिखराची व्यवस्था दशनामी परंपरेतल्या महंतांकडे आहे. अनसूयेचं स्थान त्यामानाने साधं, आणि तिथं माणसं कमी असतात. मुलाचं शिखर आणि आईचं शिखर शेजारी, आणि समोरच्या डोंगरावर दुसरी आई, रेणुका. शिदोरी उघडताना माकडांवर नजर ठेवावी.

याच डोंगरांवर महानुभावांचंही माहूर आहे आणि ते बहुतेकांच्या यादीत नसतं. महानुभाव पंथ पाच अवतार मानतो: श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधर. त्यातल्या चक्रपाणींना, म्हणजे फलटणच्या चांगदेव राऊळांना, दत्तात्रेयांनी माहूरला वाघाच्या रूपात येऊन शक्ती दिली, असं लीळाचरित्राची परंपरा सांगते. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी जमवलेला हा ग्रंथ म्हणजे मराठी गद्याची गंगोत्री, आणि त्याच्या सुरुवातीच्या लीळांतच मातापूर येतं. मेरुवाळा तळं आणि देवदेवेश्वराचं मंदिर ही ती स्थानं. संध्याकाळी तिकडे जावं. वारकरी घरातल्या माणसालाही तिथं वेगळ्या शिस्तीची भक्ती पाहायला मिळते: मूर्तीपेक्षा स्थानाला नमस्कार, प्रभूंचे पाय जिथं लागले त्या जागेला नमस्कार.

एकाच दत्ताला दशनामी गोसावी, महानुभाव आणि गावोगावचे साधे दत्तभक्त अशा तिघांनी आपापल्या रीतीने धरलं आणि एकाच डोंगरावर धरलं. भर म्हणून याच परिसरात सोनापीरचा दर्गा आहे आणि तालुक्यात वझऱ्याला शेख फरीदांच्या नावाचा दर्गा आणि धबधबाही आहे. पाऊस चांगला झाला असेल तर वझऱ्याला कोजागिरीनंतरही पाणी पडत असतं.

तिसरी सकाळ किल्ल्याची. पावसाळ्यानंतर तटावर आणि वाटांवर गवत कमरेइतकं वाढलेलं असतं, म्हणून बूट घालावेत, हातात काठी असावी, एकट्याने जाऊ नये. हत्ती दरवाजातून आत शिरलं की तट डोंगराच्या कडेने लांबच लांब पळत जातो. आत तळं आहे, महाकालीचं स्थान आहे, पडक्या इमारती आहेत. मोडकळीला आलेला हा किल्ला एके काळी केवढा महत्त्वाचा होता ते कागदपत्रांतून कळतं.

पंधराव्या शतकात बहमनी वजीर महमूद गावान याने राज्याच्या चार मोठ्या सुभ्यांचे आठ केले. त्या वेळी वऱ्हाडाचे दोन तुकडे झाले, एकाचं ठाणं गाविलगड आणि दुसऱ्याचं माहूर. पुढे इमादशाही, निजामशाही आणि मग मोगल. अबुल फजलच्या ऐन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्यातलं सरकार म्हणून माहूरची नोंद आहे: डोंगरावरचा मजबूत किल्ला, त्याजवळ दुर्गेचं देऊळ, आणि शिवाय इथल्या म्हशी भरपूर दूध देणाऱ्या आहेत हेही त्याने टिपलं आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या बादशाही दफ्तरात माहूरच्या म्हशी सापडतात, तेव्हा या मुलखातल्या गवळ्यांचा मला अभिमान वाटतो. शहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, बापाविरुद्धचं बंड फसल्यावर दक्षिणेत पळाला, तेव्हा त्यालाही माहूरचा आसरा घ्यावा लागला.

पण या किल्ल्याशी जोडलेली सगळ्यात विलक्षण व्यक्ती आहे रायबागन. माहूरच्या उदाराम देशमुखांच्या घराण्यातली सावित्रीबाई. मोगलांची मनसब घराण्यात, कर्ता पुरुष राहिला नाही तेव्हा ती स्वतः फौजेपुढे उभी राहिली आणि औरंगजेबाने तिला रायबागन, म्हणजे राजवाघीण, असा किताब दिला. फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलब खान कोकणात उतरायला निघाला, तेव्हा ती त्याच्या सैन्यात होती. खोपोलीजवळच्या उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी त्या सैन्याला दोन्ही बाजूंनी कोंडलं. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना, पाणीही नाही. हट्टाने लढून सगळे मरतील, त्यापेक्षा शरण जा, असा सल्ला खानाला रायबागनने दिला. खानाने तो मानला, खंडणी दिली आणि हजारो माणसांचे जीव वाचले. उंबरखिंडीची लढाई आपण शाळेत शिकतो; त्या लढाईतलं एवढं मोठं शहाणपण आपल्या जिल्ह्यातल्या एका बाईचं होतं, हे निदान नांदेडच्या मुलांना तरी माहीत असावं. ती शत्रूच्या बाजूने होती म्हणून तिचं नाव गाळण्याचं कारण नाही. हत्ती दरवाजापाशी उभं राहून मुलांना ही गोष्ट सांगावी.

किल्ल्यावरून उतरल्यावर गावातलं शासकीय वस्तुसंग्रहालय पाहावं. परिसरात सापडलेल्या मूर्ती तिथं आहेत. हे लहान संग्रहालय शेवटी पाहण्याचं कारण असं की लेणं, देवळं आणि तट डोळ्यांसमोर ताजे असताना सुटे दगड आपोआप जागेवर बसायला लागतात; आधी पाहिलं तर त्या नुसत्या मूर्ती वाटतात.

दोन रात्री मिळणारच नसतील त्यांनी अर्धवट माहूर करण्यापेक्षा बासर करावं. उमरीच्या प्रवाशाला धर्माबादनंतरचं पुढचं मोठं स्टेशन, गोदावरीकाठचं सरस्वतीचं देऊळ, एका दिवसात निवांत होतं. व्यासांनी गोदेतल्या वाळूच्या मुठींनी देवीची स्थापना केली अशी तिथली कथा आहे आणि लेकरांची अक्षरओळख तिच्यापुढे करतात. नवरात्रातला मूळ नक्षत्राचा दिवस आणि वसंत पंचमी टाळावी. क्योटोचा उल्लेख वर आलाच आहे, तर त्याच्याजवळच्या बिवा सरोवरातल्या चिकुबु बेटावर जपानी लोक ज्या बेन्झाइतेन देवीला भजतात ती ही आपली सरस्वतीच; बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिथं पोचली, हातात वीणेऐवजी त्यांचं बिवा हे तंतुवाद्य आलं, आणि पाण्याकाठची जागा मात्र सुटली नाही.

माहूरहून परतताना घाई नसेल तर दोन ठिकाणी थांबता येतं. उनकेश्वरला गंधकयुक्त गरम पाण्याचे झरे आहेत, कातडीच्या तक्रारी असलेली माणसं तिथं येऊन राहतात. तिथं यादवकालीन शिलालेखही आहे. दुसरं ठिकाण इस्लापूरजवळचं सहस्रकुंड. पैनगंगा तिथं काळ्या खडकांच्या भिंतीवरून कोसळते, एका बाजूला नांदेड जिल्हा आणि दुसऱ्या बाजूला यवतमाळ. भर पावसाळ्यात पाणी गढूळ असतं आणि खडक दिसत नाही. उन्हाळ्यात खडक दिसतो आणि पाणी नसतं. शरदात दोन्ही दिसतं. वरच्या अंगाला इसापूर धरण आहे, तिथून पाणी सोडलं की नदी अचानक वाढते, म्हणून कितीही मोह झाला तरी खडकांवर उतरू नये, काठावरूनच पाहावं. तिथून दुपारी चारपर्यंत निघालं की हिमायतनगर-भोकरचा रस्ता उजेडात संपतो आणि दिवेलागणीच्या सुमारास उमरीच्या स्टेशन रोडवर चहा घेता येतो.